चार टिचक्या

मेडिकलच्या दुकानाचं बिल फार काळ टिकत नाही. त्या गुळगुळीत कागदावरची अक्षरं हळूहळू विरत जातात आणि एक दिवस हातात नुसती कोरी पट्टी राहते. म्हणून इन्शुरन्सला पाठवण्याआधी सगळ्या बिलांच्या झेरॉक्स काढून ठेवा, असं मुलीनं मला बजावलं होतं. पित्ताशय काढून दहा दिवस झाले होते. खिचडी खायची, हॉलमध्ये चार फेऱ्या मारायच्या आणि परत आडवं व्हायचं, असे दिवस. करण्यासारखं दुसरं काही नव्हतं, तेव्हा झेरॉक्सला देण्याआधी मी बिलं वाचायला घेतली. ग्लोव्ह्ज, साडेसहा नंबर, चार जोड. सलाईन. चिकटपट्टी. सुया. प्रोपोफॉल. फेंटानिल. आणि सातव्या ओळीत ॲट्राक्युरियम.

हे नाव मी दोनदा वाचलं. त्यातलं ‘क्युर’ ओळखीचं वाटत होतं. लग्नात पंगतीला समोर बसलेला माणूस कुठेतरी पाहिलाय, पण कुणाचा कोण ते आठवत नाही, तसं. दुपारभर ते डोक्यात घोळत राहिलं आणि चहाच्या वेळी आठवलं. लहानपणी वाचलेल्या साहसकथांमध्ये ॲमेझॉनचं जंगल असायचं, जंगलात फुंकनळी असायची, नळीतून सुटलेला बाण माकडाला लागायचा आणि माकड आवाज न करता खाली यायचं. त्या बाणाच्या टोकाला लावलेलं ते क्युरारे.

संध्याकाळी भाचीला फोन लावला. ती नाशिकला भूलतज्ज्ञ आहे.

“ॲट्राक्युरियममधलं क्युर म्हणजे क्युरारेच का गं?”

“हो. तू आता बिलं वाचायला लागलास का मामा?”

“म्हणजे मला बाणाचं विष दिलं?”

“त्याचा नातू म्हण फार तर. वेलीतून काढलेलं आता कुणी वापरत नाही. हा लॅबमधला. पण काम तेच, स्नायू सैल पाडायचं. तुझं पोट फळीसारखं कडक राहिलं असतं तर सर्जननं आत काय केलं असतं?”

मग घरात कुणालाच न सांगितलेली एक गोष्ट मी तिला सांगितली. ऑपरेशन संपल्यावर “काका, डोळे उघडा, डोळे उघडा” असं कुणीतरी म्हणत होतं. मला लख्ख ऐकू येत होतं. त्या आवाजात थोडी घाई होती, मागे स्टीलचा ट्रे कुठेतरी आपटला, तेही कळलं. डोळे उघडायचे असं मी ठरवलं आणि काहीच झालं नाही. झोपेनं पापण्या जड होतात ते वेगळं. रात्री लाइट गेल्यावर आपण सवयीनं बटण दाबतो, खट्‌ असा आवाज येतो आणि अंधार तसाच राहतो, तसं ते होतं. श्वास चालू होता. पाच सेकंद असतील, फार तर दहा. मग लाइट आले.

भाची थोडा वेळ गप्प राहिली. मग तिच्या डॉक्टरी आवाजात विचारलं, “दुखत होतं?”

“नाही.”

“मग ठीक. औषधाचा थोडा अंमल उरला होता. होतं असं कधी कधी. आणि मामा, ती भूल नव्हती. भूल उतरली होती, म्हणून तर तुला ऐकू आलं. उरलं होतं ते दुसरंच.”

ते दुसरंच म्हणजे काय, याच्या मागे मी पुढचा दीड महिना लागलो.

आपण सरसकट ‘भूल’ म्हणतो. शब्द सुंदरच आहे. त्यात चूक आहे, विसर आहे, मोहिनीसुद्धा आहे. पण त्या एका शब्दाखाली माझ्या बिलात तीन वेगवेगळ्या ओळी होत्या. प्रोपोफॉलनं झोप लागते. फेंटानिलनं वेदना बोथट होते. आणि ॲट्राक्युरियम ना झोप आणतं ना वेदना घालवतं. ते फक्त हालचाल काढून घेतं. पहिल्या दोन ओळी बिलातून गाळल्या आणि तिसरी ठेवली तर काय होईल, हा विचार मनात आला तेव्हा मी पंखा कमी करून बसलो.

*

अलेक्झांडर फॉन हम्बोल्ट हा जर्मन निसर्गशास्त्रज्ञ १८०० साली ओरिनोको नदीवरच्या एस्मेराल्डा नावाच्या वस्तीवर पोचला. क्युरारे प्रत्यक्ष तयार होताना पाहून त्याचं सविस्तर वर्णन लिहिणाऱ्या पहिल्या युरोपियनांपैकी तो एक. विष करणारा एक म्हातारा तिथे होता आणि हम्बोल्टनं त्याचं जे चित्र काढलंय ते अगदी आपल्याकडच्या जुन्या वैद्याचं वाटतं: स्वतःच्या हातगुणावर गाढ विश्वास, आणि समोरच्या गोऱ्या पाहुण्याला काही कळत नाही याबद्दल खात्री. वेलीची साल खरवडायची, कुटायची, केळीच्या पानाचा शंकूसारखा द्रोण करून त्यात तो चोथा भरायचा, वरून गार पाणी सोडायचं. खाली थेंब थेंब पिवळं पाणी पडतं. ते मातीच्या पसरट भांड्यात आटवायचं. मधूनमधून जिभेला लावून बघायचं. जितकं कडू तितकं पक्कं. शेवटी दुसऱ्या एका झाडाचा चिकट रस घालायचा, म्हणजे ते काळं, डिंकासारखं होतं आणि बाणाला धरून राहतं.

जिभेला लावून बघायचं! हम्बोल्टनंही चाखलं. कारण हे विष पोटात गेलं तर काही होत नाही, आतड्यातून ते रक्तात नीट शिरतच नाही. म्हणूनच त्या बाणानं पडलेलं माकड किंवा पक्षी शिजवून खाता येतो. रक्तात शिरलं तर मात्र खेळ काही मिनिटांचा. हम्बोल्टच्या सामानात क्युरारेचं भांडं गळून त्याच्या मोज्यात विष मुरलं होतं आणि पायाला किडे चावून जखमा झालेल्या होत्या. मोजा चिकट लागला म्हणून वेळीच लक्षात आलं, नाहीतर पुढचा सगळा प्रवास आणि सगळे ग्रंथ तिथेच राहिले असते.

विषाची ताकद मोजायची त्या लोकांची पद्धत मला फार आवडली. बाण लागल्यावर माकड पडण्याआधी किती झाडांवर उड्या मारतं ते मोजायचं. एक झाडाचं विष सगळ्यात जालीम. दोन झाडांचं मध्यम. तीन झाडांचं हवं तर जिवंत धरायच्या प्राण्यासाठी. या मोजण्याकडे पुढे परत यायचं आहे.

विष काम कसं करतं, ते भाचीनं मला फोनवर समजावलं, पण तिची भाषा पुस्तकी होती. मी ते माझ्यापुरतं एसटीच्या भाषेत बसवून घेतलं. मेंदूनं हुकूम सोडला की नसेच्या टोकाशी ॲसिटिलकोलीन नावाचं रसायन सुटतं. स्नायूवर त्याच्यासाठी ठरलेल्या सीटा असतात. रसायन सीटवर बसलं की स्नायू आखडतो. क्युरारे काय करतं? गाडी फलाटाला लागायच्या आत खिडकीतून रुमाल टाकतं. सीट अडवली जाते, पण बसत कुणीच नाही. मागून खरे प्रवासी येतात, प्रत्येक सीटवर रुमाल बघतात आणि उभेच राहतात. हुकूम निघालेला असतो, नस शाबूत असते, स्नायूही शाबूत असतो. मधली पाव इंच जागा अडलेली असते. पाव इंच म्हणणंसुद्धा अतिशयोक्ती झाली, कारण ही फट मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही लहान आहे.

आधी डोळे आणि पापण्या जातात, मग चेहरा, मान, हातपाय. छाती-पोटामधला श्वासाचा पडदा सगळ्यात उशिरा शरण जातो. तो गेला की मरण. हृदय त्यानंतरही थोडा वेळ धडधडत असतं. म्हणजे क्युरारेनं मेलेला प्राणी खरं तर श्वास कोंडून मेलेला असतो. त्याच्या वाटचा श्वास दुसऱ्या कुणी घेतला तर?

*

चार्ल्स वॉटर्टन हा यॉर्कशायरचा जमीनदार, भारी विक्षिप्त माणूस. १८१२ साली तो गयानाच्या जंगलात अनवाणी फिरून हे विष घेऊन आला. तिकडे त्याला वूराली म्हणत. १८१४ साली लंडनमध्ये तीन गाढवांवर त्याचा प्रयोग झाला. पहिल्याच्या खांद्यात विष घातलं, ते बारा मिनिटांत गेलं. दुसऱ्याच्या पुढच्या पायाला वर पट्टी घट्ट आवळून बांधली आणि पट्टीच्या खाली विष सोडलं. ते गाढव तासभर काही न झाल्यासारखं फिरत, खात राहिलं. पट्टी सोडली आणि दहा मिनिटांत तेही गेलं.

तिसरी गाढवी होती. तीही दहा मिनिटांत कोसळली. तेव्हा तिच्या श्वासनलिकेला छेद देऊन त्यात भाता लावला. साधा, चुलीला वारा घालायचा भाता. दोन तास फुप्फुसं फुगवत राहिले. तिनं मान वर करून इकडेतिकडे पाहिलं. झालं असं वाटून लोक थांबले, तर ती परत मेल्यासारखी पडली. पुन्हा भाता, पुन्हा दोन तास. मग मात्र ती उठली आणि चालायला लागली.

तिचं नाव वूरालिया ठेवलं. वॉटर्टनच्या वाड्यावर तिला काम न लावता सांभाळायचं ठरलं आणि ती १८३९ पर्यंत जगली. विष देऊन झाल्यावर पंचवीस वर्षं! माझ्या ऑपरेशन थिएटरमधलं व्हेंटिलेटर नावाचं मशीन मी पाहिलेलं नाही, मी झोपलेलो होतो. पण तो त्या भात्याचाच वंश आहे. भाता मारणाऱ्या त्या माणसांचे हात चार तासांनंतर किती भरून आले असतील, हा विचार मला उगाचच येत राहतो. १९५२ साली कोपनहेगनला पोलिओची साथ आली तेव्हाही शेवटी हेच करावं लागलं होतं. मशिनं पुरेनात म्हणून मेडिकलच्या विद्यार्थ्यांनी पाळ्या लावून, रबरी पिशव्या हातानं दाबून, मुलांना रात्रंदिवस श्वास दिला.

पण माझं लक्ष वूरालियापेक्षा दुसऱ्या गाढवाकडे जास्त जातं. पट्टी बांधलेल्या त्या पायाकडे. कारण तीच पट्टी पुढे पॅरिसमध्ये क्लोद बर्नार्ड या शरीरक्रियाशास्त्रज्ञाच्या टेबलावर परत भेटते.

बर्नार्डनं १८४४ पासून क्युरारेवर काम केलं. त्याचा बेडकाचा प्रयोग शाळेत शिकवण्याइतका सोपा आहे. बेडकाच्या मागच्या एका पायाचा रक्तपुरवठा दोऱ्यानं बांधून टाकायचा, नस मात्र मोकळी ठेवायची. मग पाठीत विष. सगळा बेडूक लुळा पडतो. बांधलेल्या पायात विष पोचत नाही, तो शाबूत राहतो. आता बेडकाच्या लुळ्या भागाला चिमटा काढायचा. लुळा भाग हलत नाही, पण तो बांधलेला पाय झटका देतो. म्हणजे चिमटा कळला. कळणं जिवंत होतं, फक्त सांगायला एक पाय उरला होता.

१८६४ साली त्यानं सामान्य वाचकांसाठी क्युरारेवर एक लेख लिहिला. हे मरण बाहेरून शांत दिसतं, पण त्या निश्चल देहाच्या आत संवेदना आणि बुद्धी पूर्ण जागी असते, अवयव एकेक करून मालकाची आज्ञा सोडतात आणि तो हे सगळं बघत राहतो, अशा अर्थाचं त्यात आहे. याहून भयंकर यातना कल्पनेत येत नाही, असं त्याचं म्हणणं. हे कळूनही तो आणि त्याच्यासारखे इतर जिवंत जनावरं स्थिर ठेवण्यासाठी क्युरारे वापरत राहिले. त्यावर विशेषतः इंग्लंडमध्ये मोठा गदारोळ झाला आणि १८७६ साली तिथल्या संसदेनं प्राण्यांच्या छळाविरुद्धच्या कायद्यात एक स्वतंत्र वाक्य घातलं: या कायद्यापुरतं क्युरारे हे भुलीचं औषध धरलं जाणार नाही. कायद्याची भाषा एरवी कोरडी असते. हे वाक्य वाचून माझ्या अंगावर काटा आला, कारण पुढे माणसांच्या बाबतीत काय झालं ते तोवर मला कळलं होतं.

*

विसाव्या शतकात हे विष दवाखान्यात आणलं ते एका रुग्णानंच. रिचर्ड गिल नावाचा अमेरिकन इक्वेडोरमध्ये राहायचा. १९३२ च्या सुमारास त्याला मज्जासंस्थेचा आजार झाला, हातपाय आखडायला लागले. क्युरारेनं ही आखड सैल पडू शकेल असं एका डॉक्टरच्या तोंडून त्यानं ऐकलं. १९३८ साली तो जंगलात परत गेला, तिथल्या लोकांकडून शिकला आणि सुमारे २५ पौंड, म्हणजे अकराएक किलो काळा गोळा घेऊन आला. त्याचं नाव इतिहासात राहिलं. ज्यांनी त्याला वेल ओळखायला शिकवलं आणि आटवायचं कसं ते दाखवलं, त्यांच्यापैकी एकाचंही नाव मला कुठे सापडलं नाही. सापडेल अशी अपेक्षाही नव्हती.

त्या मालातून स्क्विब कंपनीनं इंटोकॉस्ट्रिन नावाचं इंजेक्शन केलं. सुरुवातीला ते मनोरुग्णांसाठी वापरलं. त्या काळी औषध देऊन मुद्दाम झटके आणायचे उपचार होते आणि झटक्यांच्या जोरानं पाठीचे मणके मोडायचे. ते मोडू नयेत म्हणून क्युरारे. मग २३ जानेवारी १९४२ रोजी माँट्रियलमध्ये हॅरॉल्ड ग्रिफिथ आणि एनिड जॉन्सन यांनी अपेंडिक्सच्या ऑपरेशनसाठी भूल दिलेल्या एका वीस वर्षांच्या प्लंबरला ते दिलं. तोवर पोट मऊ पडावं म्हणून रुग्णाला भुलीत इतकं खोल बुडवावं लागे की तो परत वर येईल की नाही याची धास्ती असे. इथे हलकी भूल आणि थोडं क्युरारे एवढ्यात काम झालं. त्याच वर्षी त्यांनी २५ रुग्णांचा अहवाल छापला आणि भुलीचं शास्त्र बदललं.

हे ज्या इस्पितळात घडलं त्याचं नाव होतं होमिओपॅथिक हॉस्पिटल ऑफ माँट्रियल. आमच्या कॉलनीतल्या तीन होमिओपॅथांना मी हे सांगितलं. तिघांनाही आनंद झाला, पण तो इतक्या वेगवेगळ्या कारणांनी की मी पुढे काही बोललो नाही.

यानंतर जे घडलं ते मला अजून नीट पचत नाही. इतका निपचित पडलेला माणूस झोपलेलाच असणार, असं काही डॉक्टरांना वाटायला लागलं. क्युरारे पुरेसं दिलं की वेगळी भूल कशाला, असं मत छापून यायला लागलं. बर्नार्डला बेडकाच्या एका पायानं जे सांगितलं होतं आणि ब्रिटिश संसदेनं जनावरांसाठी जे कायद्यात घातलं होतं, ते माणसाच्या बाबतीत सत्तर वर्षांनी नव्यानं सिद्ध करावं लागलं. १९४७ साली अमेरिकेत सॉल्ट लेक सिटीला स्कॉट स्मिथ या भूलतज्ज्ञानं स्वतःला टोचून घेतलं. श्वास पूर्ण बंद पाडायला लागते त्याच्या अडीचपट मात्रा. सहकारी हातानं श्वास देत राहिले आणि त्याला टोचत, विचारत, नोंदी करत राहिले. शेवटी तर भुवईसुद्धा हलवून उत्तर देता येईना. अंमल उतरल्यावर त्यानं सगळं सांगितलं: कोण काय बोललं, कुठे दुखलं, कधी काय केलं. एकही गोष्ट सुटली नव्हती.

भाचीला मी विचारलं, “तोवर ज्यांना नुसतं क्युरारे देऊन कापलं असेल त्यांचं काय गं?”

“मामा, तू आता झोप,” ती म्हणाली.

*

बिलात सातव्या ओळीच्या खाली आठवी ओळ होती: निओस्टिग्मिन. तिचीही कथा निघाली आणि तीही एका विषाचीच. पश्चिम आफ्रिकेत, आजच्या नायजेरियातल्या कलाबार भागात, आरोपीला एका शेंगेच्या बिया खायला घालून न्यायनिवाडा करायची रीत होती. वाचला तर निर्दोष. त्या बियांतलं फायसोस्टिग्मिन हे क्युरारेवर उतारा ठरतं, हे १९०० साली व्हिएन्नात याकोब पाल याच्या लक्षात आलं. क्युरारे दिलेला कुत्रा फायसोस्टिग्मिन दिल्यावर श्वास घ्यायला लागला. एसटीच्या भाषेत सांगायचं तर ही बी प्रवाशांना पटापट उतरवून टाकणाऱ्या कंडक्टरलाच बसवून ठेवते. गाडीत गर्दी इतकी वाढते की शेवटी लोक रुमाल बाजूला सारून बसतात.

इथे मेरी वॉकर या डॉक्टरबाईंचं नाव घ्यायलाच हवं. १९३४ साली लंडनमध्ये ग्रिनिचच्या एका साध्या, गरिबांच्या इस्पितळात त्या नोकरी करत होत्या. मायस्थेनिया ग्रेव्हिस या आजारात पापण्या मिटत जातात, गिळता येत नाही, हात उचलत नाहीत. त्यांना वाटलं, हे तर थेट क्युरारे दिलेल्या माणसासारखं दिसतंय. मग उताराही तोच का चालू नये? त्यांनी फायसोस्टिग्मिन टोचून पाहिलं. रुग्णाच्या मिटलेल्या पापण्या वर आल्या, काही तासांपुरत्या, पण आल्या. त्या आजाराचा आजचा उपचार तिथून सुरू होतो. विषाकडे बघून रोग ओळखला! पापण्यांबद्दलचं हे वाचताना मी नकळत माझ्या पापण्यांना हात लावला.

म्हणजे माझ्या नसेत एका खंडाच्या विषाचा नातू गेला आणि त्याच्या मागोमाग दुसऱ्या खंडाच्या विषाचा. आपल्या खंडाचं काय, असं वाटलं आणि आजोळचं कुंपण आठवलं.

मालवणच्या अलीकडे आमचं आजोळ. तिथे परसाच्या टोकाला एक काजरा होता. नारिंगी, गोल, गुळगुळीत फळं लागायची, संत्र्यासारखी, आणि मुलांचा हात तिकडे जायच्या आत आजीचा आवाज यायचा. आतल्या बिया म्हणजे कोटाची बटणं: चपट्या, गोल, राखाडी, मखमाली लव असलेल्या. वैद्याकडे गेल्या की त्याच कुचला होतात. गोमूत्रात, दुधात, तुपात शोधन करून मग औषधात. होमिओपॅथीत गेल्या की नक्स व्होमिका. काजऱ्याच्या जातकुळीचं शास्त्रीय नाव स्ट्रिकनॉस. आणि गयानामध्ये ज्या वेलीपासून वूराली करतात तीही स्ट्रिकनॉसच. सख्खी बहीण म्हणावी इतकी जवळची. स्वभाव मात्र उलटा. काजऱ्यातलं स्ट्रिकनिन शरीराला धनुष्यासारखं ताणून, झटके आणून मारतं. तिकडची बहीण सैल सोडून मारते. गढूळ पाणी नितळ करायला आपण जी निवळीची बी उगाळतो तीही याच कुळातली. काय घराणं आहे!

पश्चिम ॲमेझॉनमधलं क्युरारे वेगळ्या वेलीचं, कोंड्रोडेंड्रॉनचं. बांबूच्या नळीत भरून ठेवायचे म्हणून त्यातल्या मुख्य द्रव्याचं नाव ट्युबोक्युरारीन. १९३५ साली हॅरॉल्ड किंगनं लंडनमध्ये ते शुद्ध रूपात काढलं, तेही संग्रहालयात पडून असलेल्या जुन्या नमुन्यातून. ती वेल आपल्या गुळवेलीच्या कुळातली. करोनाच्या दिवसांत ज्या गुळवेलीचा काढा घरोघरी उकळत होता तिच्या. आणि त्याच कुळातली आपली पहाडवेल. गेल्या शतकाच्या मध्यावर भारतीय संशोधकांनी तिच्या मुळातल्या द्रव्यापासून क्युरारेसारखं काम करणारं संयुग तयार केलं होतं. माझ्या भाचीनं तिचं नावही ऐकलं नव्हतं. मी तिला काहीतरी शिकवलं, असा हा या सगळ्यातला एकमेव प्रसंग.

*

राहिला प्रश्न माझ्या त्या पाच-दहा सेकंदांचा. मला दुखलं नव्हतं, ऑपरेशन संपलं होतं, त्यामुळे तक्रारीला जागा नाही. पण काही जणांना ऑपरेशन चालू असताना जाग येते. २०१४ साली ब्रिटन आणि आयर्लंडमधल्या मोठ्या पाहणीचा अहवाल आला. त्यात स्नायू सैल करणारं औषध दिलेल्या रुग्णांपैकी साधारण ८,००० मागे एकानं नंतर अशी जाग आल्याचं सांगितलं होतं. ते औषध न दिलेल्यांत हे प्रमाण १,३६,००० मागे एक. फरक कशाचा आहे ते उघड आहे. हलू शकणारा माणूस जाग येताच हात झटकतो, कण्हतो, आणि डॉक्टर भूल वाढवतात.

यावर १९७७ साली स्कॉटलंडच्या टन्स्टल नावाच्या भूलतज्ज्ञानं एक युक्ती छापली. सिझेरियनच्या वेळी, सैल करणारं औषध द्यायच्या आधी, बाईच्या एका दंडाला ब्लडप्रेशरचा पट्टा आवळून फुगवायचा. औषध त्या हातात उतरत नाही. सगळा देह निपचित, पण एक हात शाबूत. मग अधूनमधून कानाशी वाकून म्हणायचं: ऐकू येत असेल तर माझं बोट दाबा.

वाचल्यावर मी हे भाचीला पाठवलं आणि खाली लिहिलं, “दुसरं गाढव.” तिला अर्थातच काही कळलं नाही. मग फोन करून वॉटर्टनची पट्टी, बर्नार्डचा दोरा आणि हा पट्टा, सगळं सलग सांगावं लागलं. ती म्हणाली, रोजच्या कामात हे कुणी करत नाही, संशोधनात करतात. “पण अंगठा आम्ही रोज बघतो. बघायला तरी हवा. दिवाळीला येईन तेव्हा दाखवते.”

भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी ती आली. फराळाच्या ताटाशेजारी तिनं पर्समधून मोबाइलएवढी एक डबी काढली. माझ्या मनगटावर, करंगळीच्या बाजूला, ईसीजीला लावतात तशा दोन चिकट चकत्या लावल्या आणि त्यांना वायरी जोडल्या. ही डबी नसेला दोन सेकंदांत विजेच्या चार टिचक्या मारते. शुद्धीतल्या माणसाचा अंगठा चार वेळा, सारख्याच जोरानं, तळहाताकडे उडतो. औषध चढायला लागलं की टिचक्या उतरत्या होतात: चौथी सगळ्यात मलूल, आणि मग तीच आधी नाहीशी होते. मग तिसरी. मग दुसरी. उतरताना उलट, पहिली आधी परत येते. ही पद्धत १९७० च्या सुमारास लिव्हरपूलमध्ये हसन अली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बसवली. चौथी टिचकी पहिलीच्या निदान नव्वद टक्के जोराची झाली की रुग्णाला जागं करायला हरकत नाही, असं आता मानतात.

“एक झाड, दोन झाडं, तीन झाडं,” मी म्हणालो.

“अगदी तेच,” ती म्हणाली. माकडांचं मोजणं मी तिला आधीच ऐकवून झालो होतो.

“माझा बघितला असेल का गं अंगठा?”

तिनं उत्तर दिलं नाही. चकली तोडली, अर्धी मला दिली आणि डबीचं बटण फिरवत म्हणाली, “जागेपणी थोडं झोंबतं. हात सैल सोड.”

मी हात सैल सोडला. मग काय वाटलं कोण जाणे, हा अंगठा हलू द्यायचा नाही असं मी मनाशी पक्कं केलं. मूठ वळली नाही, कुणाला काही कळूही दिलं नाही, आतल्या आत ठरवलं. तिनं बटण दाबलं. मनगटाशी मुंग्या चावल्यासारखं झालं आणि अंगठा उडाला. टक्‌, टक्‌, टक्‌, टक्‌. चारही सारख्या.

तिचा मुलगा इतका वेळ ताटातले बेसनाचे लाडू मोजत होता. तो मांडी सरकवत पुढे आला, स्वतःचं मनगट माझ्या शेजारी ठेवलं आणि म्हणाला, “आता माझे किती येतात बघू.”